संवादी फलक आणि अर्धा बटाटा

शिक्षणाच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे शिकवणं, हे आता तज्ज्ञांनीही मान्य केलेलं आहे. शिकवण्यात वेळ जातो, घसा बसतो आणि शेवटी हातात दाखवण्यासारखं काही उरत नाही. शिकवलेली गोष्ट मुलाच्या डोक्यात जाऊन बसते आणि डोक्याच्या आतला फोटो काढायची सोय अजून झालेली नाही. म्हणूनच वरिष्ठ कार्यालयाने सखोल विचारान्ती आमच्या शाळेला एक संवादी फलक दिला. संवादी फलक म्हणजे भिंतीएवढा मोबाइल. बोट लावलं की तो बोलतो, चित्रं हलवतो आणि मुख्य म्हणजे त्याचा फोटो फार सुरेख येतो.

मी या शाळेत चित्रकला शिकवतो. फलक आला त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला शाळेचा 'तंत्रस्नेही समन्वयक' म्हणून नेमलं. निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी आपापले मोबाइल टेबलावर ओळीने ठेवले, त्यात माझा सर्वांत रुंद निघाला. (इंग्रजीच्या सरांचा जास्त लांब होता, पण त्याची काच तडकलेली. तडकलेल्या काचेच्या माणसाकडे तंत्रज्ञान सोपवणं धोक्याचं.) तेव्हापासून शाळेत कुठेही वायर लोंबकळली की मला बोलावतात. मी येतो, वायरीकडे बघतो, 'हं' म्हणतो आणि जातो. मागच्या शिक्षकांनी हेच काम वर्षानुवर्षं पदनामाशिवाय केलं, याचं मला वाईट वाटतं.

फलक कुठे लावायचा यावर रीतसर सभा झाली. प्रयोगशाळेत लावला तर कोणी बघणार नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत लावला तर सगळे नको तितकं बघतील. शेवटी सहावीचा वर्ग ठरला, कारण फाटकातून आत आल्यावर पहिलं दार त्याचं लागतं. समोरच्या भिंतीवरचा जुना काळा फळा खाली उतरवून बाजूच्या भिंतीवर, खिडकीशेजारी ठोकला आणि मानाच्या जागी फलक बसवला. मुख्याध्यापकांच्या पत्नीने घरच्या जुन्या पडद्याचं त्याला झालर लावलेलं आवरण शिवलं. मग फलकाच्या वापराचे नियम झाले. ते मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून दारावर लावले:

१. फलक वापरण्यापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी.
२. परवानगी मिळणार नाही, याची नोंद घ्यावी.
३. खडू, पाणी, डबे व मुले फलकापासून दूर ठेवावीत.
४. पालक आल्यास आवरण काढावे व फलक सुरू करावा. फोटो झाल्यावर तो बंद करून आवरण घालावे.

यामागचा विचार साधा होता. वस्तू वापरली की झिजते. तपासणी होईपर्यंत फलक नवाकोरा राहिला पाहिजे, आणि तो वापरला जातो का याचीच तर तपासणी होती.

पालकांनी मात्र फलकाला डोक्यावर घेतलं. शाळा सुरू झाली तरी उशिरा येणाऱ्यांचे प्रवेश चालू होते. पालक यायचे, मुख्याध्यापक आवरण काढायचे, मी फोटो काढायचो. मी तेव्हा एक पाहणीही केली. शंभरातल्या नव्वद पालकांनी विचारलं, "फलक केवढा आहे?" नऊ जणांनी विचारलं, "दुसऱ्या शाळेतल्यापेक्षा मोठा आहे ना?" एका आजोबांनी विचारलं, "शिकवतं कोण?" त्यांना ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे उत्तर देऊन उपयोग नव्हता.

आता शिकवतं कोण, ते सांगतो. सहावीला भूगोलाच्या बाई शिकवायच्या. वर्गशिक्षिकाही त्याच. बाईंची पद्धत अगदीच मागासलेली. डोंगराची उंची नकाशात कशी दाखवतात, हे शिकवायला त्या पर्समधून अर्धा बटाटा काढायच्या. कापलेली बाजू खाली, पाठ वर, झाला डोंगर. मग त्याच्या आडव्या चकत्या करायच्या, सर्वांत मोठी चकती फळ्याला लावून तिच्याभोवती खडू फिरवायचा, मग त्याच्या आत त्याहून लहान, मग त्याहून लहान. एकात एक रेषा तयार व्हायच्या. "या समोच्च रेषा," बाई म्हणायच्या. "आता सांगा, दमलेल्या माणसाने कुठून चढावं?" मुलं ओरडायची, "रेषा लांब लांब आहेत तिकडून!" धडा संपला. ना फोटो, ना अहवाल, फळ्यावर नुसते बटाट्याचे ओले डाग.

अशात परिपत्रक आलं. प्रत्येक शिक्षकाने तपासणी अधिकाऱ्यांसमोर संवादी फलकावर एक पाठ घ्यायचा. जो घेऊ शकणार नाही त्याचा वर्ग काढून घेऊन त्याला पुस्तकांच्या कोठीत जुनी पुस्तकं लावण्याच्या कामावर पाठवायचं. फलक सहावीत, म्हणून पहिला नंबर भूगोलाच्या बाईंचा.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"सर, माझा वर्ग जाईल हो," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे पोरांना नकाशा वाचता यायला लागलाय. परवा एकीने घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणला, वाटेतल्या कुत्र्यासकट. मला कोठीत नका पाठवू. मला काय ते शिकवा, मी शिकते."

"बाई, काळजीच करू नका," मी म्हणालो. "आधी प्रशिक्षण होऊ द्या."

प्रशिक्षण एका मोठ्या सभागृहात झालं. प्रशिक्षक तरुण आणि हुशार होते. त्यांनी नमस्कार केला आणि त्याच क्षणी वीज गेली. पण ते डगमगले नाहीत. रिकाम्या पडद्याकडे हात करून म्हणाले, "आता इथे तुम्हाला एक निळा चौकोन दिसला असता. त्यावर आपण असं बोट ठेवलं असतं. मग इथे पृथ्वी फिरली असती." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. दुपारपर्यंत पृथ्वी बरीच फिरली. शेवटी अभिप्राय घेतले, तेव्हा शंभर टक्के शिक्षकांनी 'अत्यंत उपयुक्त' यावर खूण केली. (अभिप्राय दिल्याशिवाय जेवणाचं कुपन मिळत नव्हतं. पण कुपन नसतं तरी ऐंशी टक्क्यांनी केलीच असती, आमचा स्वभाव तसा गोड आहे.)

परत येताना बाई म्हणाल्या, "सर, सगळं कळलं. फक्त फलक तेवढा दिसला नाही."

आम्ही मुख्याध्यापकांकडे किल्ली मागायला गेलो. फलकाच्या खाली एक छोटी पेटी आहे, तिच्यात त्याचं बटण. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

"बाई, असं कसं म्हणता?" मुख्याध्यापक म्हणाले. "सरावाला फलक दिला आणि तपासणीच्या दिवशी त्यावर बोटांचे ठसे दिसले, तर साहेबांना काय सांगू? फलक वापरलाय म्हणून सांगू?"

या बोलण्यात बिनचूक तर्क होता, त्यामुळे आम्ही बाहेर आलो.

आणि इथे, नम्रपणे सांगतो, माझ्यातला कलाकार कामी आला. बाजूच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर मी रंगीत खडूंनी अख्खा संवादी फलक काढला. चारी बाजूंनी चौकट, खाली घराचं चिन्ह, पुढे जायचा बाण, मागे जायचा बाण, आणि वरच्या कोपऱ्यात भरलेली बॅटरी. "यावर सराव करा," मी बाईंना म्हटलं. "बोट कुठे ठेवायचं ते एकदा हाताला कळलं की झालं. माध्यम बदललं तरी बोट तेच असतं."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी बाकं खिडकीकडे वळवली आणि सराव सुरू केला. बाणावर बोट ठेवलं की त्या फडक्याने चित्र पुसायच्या आणि पुढचं काढायच्या. सुरुवातीला मुलं हसली. मग त्यांच्या लक्षात आलं की या यंत्राला आवाज नाही. तेव्हापासून बाईंनी बोट ठेवलं की अख्खा वर्ग एका सुरात "टुंग!" म्हणायला लागला. उत्तर चुकलं की "टुंग" नाही, नुसता "घर्रर". कोणाला चित्र मोठं हवं असलं की तो पुढे यायचा, दोन बोटं फळ्यावर टेकवून फाकवायचा, आणि बाई तेच चित्र पुसून दुप्पट मोठं काढायच्या. शेवटच्या तासाला मुलं दमली की कोणीतरी गुपचूप जाऊन बॅटरी पुसून एकच रेघ ठेवायचं. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, "अरे देवा, चार्जिंग संपलं! जा, पाणी पिऊन या." पाच मिनिटांत सगळे परत आणि बॅटरी पुन्हा भरलेली.

तांत्रिक दृष्ट्या हा फलक काही बाबतींत सरस ठरला, हे समन्वयक या नात्याने नोंदवायला हवं. तो वीज गेली तरी चालायचा. मूल विचारेल त्या प्रश्नाला उत्तर द्यायचा. जाहिरात एकही नव्हती. एक दोष मात्र होता, तो माझ्या नजरेतून सुटला नाही. तो कुठूनही विकत घेता येत नव्हता.

तपासणीचा दिवस उजाडला. बाकं पुन्हा समोर वळवली. तपासणी अधिकारी साहेब आले, बसले, त्यांनी मांडीवर तपासणीचा तक्ता उघडला. मुख्याध्यापकांनी स्वतः आवरण काढलं, पेटी उघडली आणि बटण दाबलं. फलक उजळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई बोट पुढे करून उभ्या राहिल्या.

फलकावर एक पांढरी चकती गोल गोल फिरू लागली. खाली अक्षरं आली: 'आपला फलक अद्ययावत होत आहे. कृपया बंद करू नका.'

आता बिचाऱ्या फलकाला आजवर फोटोपुरतंच जागं केलं होतं. पोटात साचलेलं सगळं काम त्याने त्याच दिवशी काढलं. साहेब चकतीकडे बघत होते. मुख्याध्यापक चकतीकडे बघत होते. "रंग किती स्वच्छ आहे ना सर?" मुख्याध्यापक म्हणाले. बाई बोट तसंच पुढे धरून उभ्या होत्या. मला तर दरदरून घाम फुटला, कारण कोठीत माणूस कमी पडला तर चित्रकलेचा शिक्षक पाठवायचा अशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. यंदाच शाळेत आलेली, फारशी न बोलणारी. ती म्हणाली, "बाई, आपला लावूया का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी चकतीकडे बघितलं, तिथून काही मार्गदर्शन मिळालं नाही.

"बाकं वळवा," बाई म्हणाल्या.

पुढचा तास मी तुम्हाला काय सांगू! बाईंनी घराच्या चिन्हावर बोट ठेवलं, चाळीस तोंडांतून "टुंग" आलं आणि पर्समधून बटाटा बाहेर आला. एकेका चकतीने फळ्यावर डोंगर उतरत गेला. ती मागच्या बाकावरची मुलगी पुढे आली, दोन बोटं फाकवून तिने डोंगर मोठा करून घेतला आणि त्यावरून नदी कुठून वाहील ते खडूने दाखवलं. साहेब आधी खुर्चीत होते. मग उभे राहिले. मग मोबाइल काढून चित्रण करत करत पार फळ्यापर्यंत गेले. बाईंनी विचारलं, "दमलेल्या माणसाने कुठून चढावं?" आणि मुलांच्या आधी साहेबच म्हणाले, "इकडून, रेषा लांब लांब आहेत तिथून!" वर्ग गरजला, "टुंग!" साहेबांचा चेहरा असा खुलला की मीच ओशाळलो.

"मी हे शाळेत नुसतं पाठ केलं होतं हो," ते बाईंना म्हणाले. "आज कळलं."

मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, "सर, तो फळा खडूचा आहे, म्हणजे तसं..."

"मला दिसतंय," साहेब म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत मला वर चित्रफीत पाठवायची आहे. त्या फिरत्या चकतीची पाठवली तर मलाच विचारतील. ही पाठवली तर शाबासकी देतील. सांगा, कुठली पाठवू?"

मुख्याध्यापक हुशार आहेत. ते लगेच चहा सांगायला गेले.

वर चित्रफीत गेली आणि सर्वांना अतिशय आवडली. 'चित्राची स्पष्टता उत्तम. मुलांचा सहभाग पूर्ण. विजेचा वापर नगण्य,' असा शेरा आला. सोबत आदेश होता: तंत्रज्ञानाच्या वापरात एवढ्या निष्णात शिक्षिकेला एका वर्गात अडकवून ठेवणं हा साधनसंपत्तीचा अपव्यय आहे. सबब बाईंची मुख्य मार्गदर्शक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. त्यांनी वर्ग तात्काळ सोडावा आणि गावोगावी जाऊन शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं.

"म्हणजे नापास झाले असते तरी वर्ग जाणार होता आणि पास झाले म्हणूनही जातोय?" बाईंनी विचारलं.

"तसं नका घेऊ बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "तेव्हा शिक्षा झाली असती. हा सन्मान आहे."

"मला नकोय सन्मान. मला सहावी द्या."

"सन्मानाला नाही म्हणायची तरतूद नाहीये हो," मुख्याध्यापक खरोखर हळहळून म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण नीट विचार केला तर धोरण किती समतोल आहे पाहा. ज्याला शिकवता येत नाही त्याला वर्गात ठेवणं योग्य नाही. ज्याला शिकवता येतं त्याला वर्गात ठेवणं परवडत नाही. त्यामुळे वर्गात राहायला शेवटी एकच पात्र ठरतो, तो म्हणजे फलक. बाई शेवटच्या दिवशी रडल्या, मुलांसमोर रडल्या, लपवलंसुद्धा नाही. मुलांनी काळ्या फळ्यावरची बॅटरी पूर्ण रिकामी केली होती. मी ती शाळा सुटल्यावर पुसली, कारण रिकामी बॅटरी फोटोत बरी दिसत नाही.

सध्या बाई सभागृहासभागृहांतून फिरतात. बटाटा मात्र त्यांना नेता येत नाही. नाशवंत असल्यामुळे तो मंजूर साहित्याच्या यादीत बसत नाही. त्या रिकाम्या पडद्याकडे हात करून सांगतात की इथे एक डोंगर दिसला असता.

आणि सहावी? सहावी उत्तम चालली आहे. फलक अद्ययावत झाला. मी रोज किल्ली घेऊन जातो आणि त्यावर बाईंची तीच चित्रफीत लावतो. मुलांना आता "टुंग" म्हणायचेही कष्ट नाहीत, त्यांचंच मागच्या वेळचं "टुंग" त्यात भरलेलं आहे. परवा ती मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, नदीचं पुन्हा सांगा ना." चित्रफितीतल्या बाई पुढच्या चकतीकडे गेल्या. मुलगी थोडा वेळ उभी राहिली आणि बसली. शिस्त खूप सुधारली आहे.

या सगळ्यावर तुम्ही चिडला आहात, हे मला ठाऊक आहे. काल तुम्ही तावातावाने शाळेत आला होतात ना! "मुलगी घरी आल्यावर बोलतच नाही," म्हणालात. "आधी सारखं बाई-बाई चालायचं. तुम्ही लोकांनी त्या बाईंना जाऊच कसं दिलंत? तुम्हाला माणसाची किंमत आहे का नाही?" तुमचं अगदी बरोबर आहे. तुमच्यासारखे जागरूक पालक शाळेला हवेतच.

तुम्ही गेल्यावर मी तुमच्या मुलीच्या प्रवेशाच्या दिवशीचा फोटो शोधून बघितला. सहावीत बाईंचा तास चालू होता. तुम्ही मुख्याध्यापकांबरोबर आत आलात, फलकाशेजारी उभे राहिलात आणि बाईंना म्हणालात, "मॅडम, जरा बाजूला होता का? फलक पूर्ण येत नाहीये." बाई लगेच सरकल्या, तुम्ही दोन्ही हात बांधून छान हसलात. तुमची मुलगी तेवढी कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघत होती. नंतर फोटो पाहून तुम्ही मला विचारलंत, "सर, या कडेला कोणाचा तरी हात आलाय. हातात बटाटा का काय आहे. एवढं कापता येईल का?"

येतं की. एका बोटाचं काम आहे, तिथल्या तिथे कापून दिला.